पॅलेडियमवाल्या साळवेताई

रत्नमाला साळवे यांच्या अंगावर मी कधी सोनं पाहिलं नाही. कानात स्टीलच्या बारीक कुड्या, मनगटाला पट्ट्याचं घड्याळ, बस्स. आणि दिवसभराचं काम मात्र सोन्याचं. जालन्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी कनेक्टर बनवायची. यंत्रातल्या दोन वायरी एकमेकींना जोडणारा तो प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो ना, पोटात बारीक पिना असलेला, तो. त्या पिनांवर सोन्याचा मुलामा चढवण्याचा विभाग साळवेताईंच्या हाताखाली होता. मी टूलरूममध्ये, म्हणजे पिना कापायचे साचे बनवणाऱ्या खात्यात. दोघंही मस्तगडला राहायचो आणि एकाच शेअर रिक्षानं कामावर जायचो. त्यामुळे मला त्या कारखान्यापेक्षा रिक्षात जास्त कळल्या.

ताई मूळच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या. वडील शाळामास्तर. त्यांची इच्छा अशी की लेकीनं रसायनशास्त्राची प्राध्यापक व्हावं. एम.एस्सी. झाल्यावर तशी एका कॉलेजात जागाही मिळत होती. पण त्याच सुमाराला सुधीरनं कंपनी काढली. सुधीर हा ताईंचा बी.एस्सी.चा वर्गमित्र. त्याच्याकडे वडिलांनी घेऊन ठेवलेला प्लॉट होता, बोलण्यात गोडवा होता, आणि प्लेटिंगमधलं, म्हणजे या मुलाम्याच्या कामातलं, काहीही कळत नव्हतं. "रत्ना, तू आलीस तर कंपनी निघंल, न्हाई तर न्हाई," असं तो म्हणाला, आणि ताई प्राध्यापकी सोडून पत्र्याच्या शेडमध्ये आल्या. आष्टीचे गुरुजी वर्षभर लेकीशी धड बोलले नाहीत. पुढे सुधीरची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी ताईच असायच्या. कारखान्यात सगळे सुधीरला 'साहेब' म्हणायचे. ताई चारचौघांत साहेब म्हणायच्या आणि एरवी अरेतुरे करायच्या.

त्यांना एक खोड होती. कुठलीही चकचकीत गोष्ट दिसली की त्या विचारायच्या, "वरून ठीक ये. खाली काय ये?" लग्नात वर्ख लावलेली बर्फी आली की नखानं वर्ख बाजूला सारून बघणार. नगरपालिकेनं नवा रस्ता केला की रिक्षातून उतरताना चपलेनं उकरून बघणार. माझ्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मुलाला बघायला मी ताईंनाही नेलं. मुलगा देखणा, इंग्रजी फाडफाड. परतताना ताई म्हणाल्या, "वरचा थर चांगला चढलाय, विलासभाऊ. खाली काय ते एकदा बघून घ्या." आम्ही चौकशी केली, मुलगा खरंच चांगला निघाला. लग्नात ताईंनी नवऱ्या मुलाला ही गोष्ट स्वतः सांगितली आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या.

सोन्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. सोनं गंजत नाही, म्हणून वीज त्याच्यातून विनाअडथळा जाते. ते त्याचं मोठेपण त्या मान्य करायच्या. "पण म्हणून पिनेला एवढं जाड सोनं फासायचं कशाला? सवय म्हणून. बाकी काय?" सोन्याच्या जागी दुसरं काय चालेल, हे शोधणं हा त्यांचा ध्यास होता. चांदी, कथिल, निकेल, एकेक करून त्यांनी सगळं चढवून पाहिलं. चढवलेल्या पिना त्या प्रयोगशाळेतच ठेवायच्या असं नाही. काही कँटीनच्या धुराड्यापाशी टांगल्या, काही स्टीलच्या भट्ट्यांकडून धूर येतो त्या बाजूच्या कुंपणाला बांधल्या, आणि एक अख्खी माळ आष्टीला भावाच्या गोठ्यात, शेणाच्या खड्ड्यावर लटकवली. गोठ्यातल्या हवेत धातूची परीक्षा चांगली होते म्हणे. त्यांची वहिनी वैतागली. "वन्सं, म्हशीला दागिने करून राह्यल्या का काय?"

"वहिनी, म्हशीला आवडले तर तुम्हाला पण करीन," ताई म्हणाल्या.

चांदी त्या गोठ्यात लगेच काळी पडली. कथिल टिकलं, पण पीन हादरली की त्याचा भुगा व्हायचा. निकेलवर तर न दिसणारी कडक साय धरायची आणि वीज अडायची. शेवटी ताईंचा जीव जडला तो पॅलेडियमवर. हा चांदीसारखा दिसणारा, भारी जातीचा धातू. त्यात थोडं निकेल मिसळून पिनेवर थर द्यायचा आणि त्याच्यावर सोन्याचा नुसता हात फिरवायचा, अगदी वाऱ्यासारखा पातळ. जगात हे आधीच लोक करत होते, ताईंनी त्याचा शोध लावला नव्हता. पण आमच्या मुलाम्याच्या टाक्यांत, आमच्या पाण्यात, आमच्या उन्हाळ्यात ते बसवणं हे त्यांचं काम. त्यात त्यांची कैक वर्षं गेली. टाक्यांवर काम करणाऱ्या बायांना त्यांनीच शिकवलं. त्यातली नसीम म्हणजे त्यांचा उजवा हात. टाकीचा रंग जरासा बदलला तरी नसीम हाक मारायची, "मॅडम, पानी बराबर न्हाई आज." ताई तिच्या हाकेसरशी हातातला चहा सोडून उठायच्या.

मोठी ऑर्डर आली ती पुण्याच्या एका कंपनीची. नुकत्याच जन्मलेल्या नाजूक बाळांना ऊब देणारी यंत्रं ती कंपनी बनवायची. त्यांचे इंजिनिअर इनामदार जालन्याला आले. त्यांचं एकच म्हणणं, पिनांना सोनंच पाहिजे. ताईंनी त्यांच्या तळहातावर दोन पिना ठेवल्या.

"यातली पूर्ण सोन्याची कोणती?"

इनामदारांनी उजेडात धरून पाहिल्या. "दोन्ही सोन्याच्याच दिसतात."

"दिसणार. वर दोन्हीला सोनंच ये. म्हणून डोळ्यावर जाऊ नका साहेब, घासून बघा."

दिवसभर यंत्रावर दोन्ही पिना घालून काढल्या, घालून काढल्या. संध्याकाळी ताईंची पीन कमी झिजलेली निघाली. इनामदार तरी घुटमळत होते. तेव्हा ताई म्हणाल्या, "लेकराच्या मशीनला लागणारा माल ये. माझ्या टाकीतून निघाल्याशिवाय एक पीन तुमच्याकडं येणार न्हाई. हा माझा शब्द."

सुधीर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "रत्नाचा शब्द म्हणजे कंपनीचा शब्द."

त्या दिवशी परतताना मोतीबागेपाशी रिक्षा थांबवून ताईंनी मला आणि रिक्षावाल्यालाही उसाचा रस पाजला.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मग पॅलेडियमचा भाव चढू लागला. चढता चढता सोन्याच्याही वर गेला. कारखान्यात चेष्टा सुरू झाली, "मॅडम, तुमचा पर्यायच सोन्याच्या पुढं पळाला की!" ताईही हसल्या. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. त्या सरळ सुधीरकडे गेल्या आणि म्हणाल्या की पुन्हा सोन्यावर जाऊ. फक्त अख्खी पीन बुडवायची नाही, जिथं ती घासते तेवढ्याच जागी सोन्याचा टिपका द्यायचा. बाकीची पीन झाकायला लागणारे साचे माझ्या टूलरूमनं करायचे. मी नमुनेही करून दाखवले. "न्हाई तर इनामदारला सांग, भाव वाढला, दर वाढवून दे," ताई म्हणाल्या. सुधीरनं दोन्ही ऐकून घेतलं. "बघू," म्हणाला.

त्यानं बघितलं ते असं. मागच्या बाजूला नवं शेड उभं राहिलं. पुण्याचा माल तिकडे हलला. नसीम आणि आणखी काही बाया तिकडे गेल्या. ताईंनी जायचं म्हटलं की सुधीर म्हणायचा, "तू कशाला दगदग करते? तुझ्याच पद्धतीनं चालू ये सगळं. तू इकडचं नवीन काम बघ." टिपक्याच्या कामासाठी त्यानं त्यांना नव्या टाक्या दिल्या होत्या. ताई खूश होत्या. सुधीरवर संशय घ्यावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. बर्फीचा वर्ख उकरणारी बाई, पण तिथं नख लावायचं तिला सुचलं नाही.

मग एक दिवस इनामदार न कळवता आले. सोबत त्यांची दोन माणसं. मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं, कारण पिनेला दाबून धरणारी स्प्रिंग माझ्या साच्यातली, आणि दोष स्प्रिंगचा असू शकत होता. ताई आधीच बसल्या होत्या.

इनामदारांनी सांगितलं ते असं. एका लहान गावच्या दवाखान्यात बाळाला यंत्राखाली ठेवलेलं. बाळाच्या अंगाचा ताप मोजणारी वायर आमच्या कनेक्टरमधून जाते. तिथं वीज अडू लागली, की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय. ते ऊब वाढवत गेलं. नर्सनं सहज बाळाच्या पाठीला हात लावला म्हणून कळलं. बाळ वाचलं. पण आणखीही काही ठिकाणांहून तशाच तक्रारी येत होत्या.

मी स्प्रिंग तपासून आणली होती, दाब बरोबर होता. तसं सांगितलं. इनामदार सुधीरकडे वळले.

सुधीर म्हणाला, "साहेब, मी तर आधीपासून सोन्याच्याच बाजूचा. हे पॅलेडियम मॅडमचं. हट्ट त्यांचा होता. मी त्यांच्या शिक्षणावर विश्वास ठेवला, ही माझी चूक."

मी ताईंकडे पाहिलं. त्या सुधीरकडे बघत होत्या. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं तोंड. मग त्या इनामदारांना म्हणाल्या, "खराब झालेली पीन आणली का?" इनामदारांनी पिशवीतून काढून दिली. "तुम्ही जेवण करून घ्या. मी आलेच," असं म्हणून त्या उठल्या. मी त्यांच्या मागे गेलो.

आमच्याकडे थरांची जाडी मोजणारं एक्स-रे मशीन होतं. पीन त्यात ठेवली की कोणत्या धातूचा किती थर ते दिसतं. ताईंनी पीन ठेवली. वर सोन्याचा हात. त्याच्या खाली थेट निकेल. पॅलेडियमच्या जागी काहीच नाही. त्यांनी पीन फिरवून पुन्हा ठेवली. मग नव्या शेडमधून आज निघालेला माल मला आणायला सांगितला. तोही तसाच.

तेवढ्यात सुधीर आत आला. मला पाहून थबकला, पण ताई म्हणाल्या, "विलासभाऊ इथंच थांबतील. बोल."

"रत्ना, जरा समजून घे. भाव कुठं गेल्ता तुला माहीत ये. ऑर्डर सोडली असती तर कंपनी बसली असती."

"मी टिपक्याचं सांगितलं व्हतं. दर वाढवून माग म्हणलं व्हतं."

"त्याला येळ लागला असता." सुधीर खुर्ची ओढून बसला. "आता तू फक्त एवढंच म्हण, की टाकीत गडबड झाली, नजरचुकीनं. तुझ्याकडून झालं म्हणलं तर इनामदार मानंल. त्याला तुझ्याबद्दल आदर ये. नाव थोडं खराब होईल, होऊ दे. पगार चालू राहील, कंपनी राहील. कंपनी तुझी पण ये ना?"

"लेकरू भाजलं असतं रे."

"भाजलं न्हाई ना पण?"

ताईंनी मशीनमधली पीन काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "तुझी आई असती तर तिच्यासमोर म्हणला असतास का हे?" सुधीरनं मान फिरवली. "आईला मधी आणू नको," म्हणाला आणि निघून गेला.

मला वाटलं, आता त्या थेट इनामदारांकडे जातील. पण त्या नव्या शेडकडे गेल्या. बाया जेवायला बसल्या होत्या. ताईंना बघून नसीम उठली, ओढणीला हात पुसत पुढे आली.

"नसीम, या टाक्यांत पॅलेडियम न्हाई हे तुला माहीत व्हतं?"

"हां मॅडम. पहिल्या दिवसापासून."

"मंग मला बोलली का न्हाईस?"

नसीम गोंधळली. "आता तुम्हाला काय बोलायचं? साहेब म्हणले, मॅडमनीच सांगितलं ये. इनामदार साहेबाला कळू द्यायचं न्हाई, आणि मॅडमसमोर विषय काढायचा न्हाई, त्यांना लाज वाटती."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

नसीमनं खाली पाहिलं. बाकीच्या बाया जेवायच्या थांबल्या होत्या. "वाटलं मॅडम. पहिले न्हाई वाटलं. मंग वाटलं, मोठ्या लोकांचं असंच असतंय. तुम्ही पण त्यांच्यातल्याच."

केबिनमध्ये सुधीर बोलला तेव्हा ताई सरळ बसल्या होत्या. इथं मात्र त्यांनी बाजूच्या टाकीचा कठडा धरला. "इतकी वर्षं माझ्यासोबत राहून?" एवढंच म्हणाल्या. नसीम रडायला लागली. ताईंनी तिची समजूत काढली नाही.

कँटीनमध्ये इनामदार जेवत होते, सुधीर वाढप्याला त्यांना आणखी वाढायला सांगत होता. ताई टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, पद्धत माझी ये. पण ह्या पिना माझ्या न्हाईत. यांत पॅलेडियम घातलंच न्हाई. चला, मशीनवर दाखवते. भांडण नंतर करा. पहिले ज्या ज्या दवाखान्यात माल गेलाय, तिथून आजच्या आज काढून घ्या." इनामदार तसेच उष्ट्या हातानं उठले.

माल दवाखान्यांतून परत आला. पुण्याची ऑर्डर गेली. सुधीरनं प्लेटिंग विभागाला कुलूप लावलं आणि बायांना घरी बसवलं. ताईंनी राजीनामा दिला, तो द्यायला त्या आल्या तेव्हा गेटवर बाया जमलेल्या होत्या. ज्यांना हातमोजे घालायला त्यांनी शिकवलं, त्यातलीच एक जण म्हणाली, "सोताचं नाव वाचवलं, आमच्या चुली विझवल्या." ताई तिच्याकडे वळल्या, पण मग तशाच पुढे चालत गेल्या. नसीम त्या घोळक्यात मागे उभी होती.

नाव तरी कुठं वाचलं? इनामदारांच्या कंपनीनं आमचा माल आल्यावर कधी तपासलाच नव्हता, ते त्यांना जगाला दाखवायचं नव्हतं. त्यांनी बाहेर एवढंच सांगितलं, की सोन्याऐवजी वापरलेला पर्याय टिकला नाही, यापुढे फक्त सोनं. सुधीरनं काय केलं याचा कुठं उल्लेख नाही. ताईंनी इनामदारांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मला सगळं माहीत आहे. पण वर तसं ठरलं." त्यानंतर संभाजीनगरला, पुण्याला ताई जिथं जिथं कामासाठी गेल्या, तिथं लोक अदबीनं चहा द्यायचे आणि विचारायचे, "त्या पॅलेडियमवाल्या साळवे तुम्हीच ना?"

कंपनी मीही सोडली. आमचा रिक्षाचा रस्ता वेगळा झाला. ताई भोकरदनला एका ज्युनियर कॉलेजात तासांवर रसायनशास्त्र शिकवू लागल्याचं कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा भोकरदनच्या बसस्टँडवर त्या दिसल्या. केस बरेच पिकले होते. मी हाक मारली, तशा उठून जवळ आल्या. बाकावर बसलो. आष्टीच्या वहिनीची, माझ्या नातवाची विचारपूस झाली. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की पॅलेडियमचा भाव उतरला, सुधीरनं प्लेटिंग पुन्हा सुरू केलंय आणि सोन्याला स्वतः शोधलेला पर्याय म्हणून तीच पद्धत नव्या लोकांना दाखवतोय.

ताईंनी विचारलं, "आता तरी पॅलेडियम टाकून राह्यला का?"

"टाकतोय. आमच्या टूलरूमचा माणूस अजून तिथं आहे, त्यानं पाहिलंय."

"मंग ठीक ये." मग त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठं घेतो का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि स्टँडवर शिरणाऱ्या एका बसची पाटी वाचत राहिल्या. ती त्यांची बस नव्हती.

त्यांच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नसीमचं नाव होतं. ताईंनी उचलला नाही, बंदही केला नाही. वाजून वाजून तो थांबला.

"नेहमी करती," त्या म्हणाल्या.

"बोला की एकदा. तिची काय चूक? तिला सुधीरनंच सांगितलं होतं."

"सुधीरचं मला कळतं, विलासभाऊ. त्याला पैसा दिसला, त्यानं मला विकलं. ते कळतं. पण हिनं मला रोज बघितलं व्हतं. आणि तरी हिला ते खरं वाटलं."

जालन्याची बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. खिडकीतून त्यांनी मला हात केला आणि मीही केला. बस मागे घेताना फोन पुन्हा वाजायला लागला, तो मला खालूनही ऐकू येत होता. ताईंनी तो मांडीवर ठेवला होता. शेजारची बाई त्यांना काहीतरी म्हणाली, बहुतेक फोन वाजतोय म्हणून. ताईंनी मान डोलावली, ऐकू येतंय म्हणून सांगितल्यासारखी, आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसल्या.